तिण्णैवरच्या टीचर

कुणाच्याही घरात पहिल्यांदा पाऊल टाकलं की टीचर एकच प्रश्न विचारायच्या, “पोर कोठ निजते?” नाव नाही, गाव नाही, नवरा काय करतो ते नाही. शाळेतून बाई येणार म्हणजे हजेरीचं विचारणार, मार्कांचं विचारणार, अशा तयारीनं आया पदर सावरून उभ्या असायच्या. आणि ही पासष्टीची ठेंगणी बाई, नाकात दोन्हीकडे खडे, खांद्याला कापडी पिशवी, चपला काढून सरळ आत यायची आणि पोराचं अंथरूण शोधायला लागायची. “शिकते कोठ तें अवघे पुसतात. निजते कोठ तें मी पुसते,” असं त्यांचं म्हणणं. अंथरूण बघून झालं की भिंतीला टेकून खाली बसायच्या आणि कॉफी मिळाल्याशिवाय उठायच्या नाहीत.

मी हे प्रेमानं लिहिते आहे, पण लिहिताना माझी मान वर होत नाही, हे आधीच सांगून टाकते. टीचरांबद्दल चार चांगले शब्द बोलायचा हक्क कुंभकोणममध्ये पुष्कळांना आहे. मला तो कितपत आहे, हे वाचणाऱ्यांनी ठरवावं.

इथल्या एका अनुदानित शाळेत, मुलांच्या दुपारच्या जेवणाच्या स्वयंपाकघराला लागून एक लांबट खोली होती. सांबाराचा वास भिंतींना कायमचा चिकटलेला. नोकरीतून निवृत्त झाल्यावर टीचरांनी ती खोली शाळेकडून मागून घेतली आणि बाहेरगावाहून पोटासाठी आलेल्या कुटुंबांसाठी उघडली. पोराचा दाखला, रेशनकार्ड, दवाखान्याची चिठ्ठी, घरमालकाची कटकट, कशासाठीही तिथं यावं. बांधकामावरच्या बिहारी बाया यायच्या, भाताच्या गिरणीतल्या ओडिया बाया यायच्या, आणि आम्ही गलाईवाल्या. खोलीचं नाव त्यांनी ठेवलं होतं ‘तिण्णै’. इथल्या जुन्या घरांपुढे ओटा असतो, त्याला तिण्णै म्हणतात. वाटेनं जाणाऱ्यानं त्यावर टेकावं, पाणी प्यावं, उठून जावं. घरमालकाला विचारावं लागत नाही.

गलाईचा धंदा आमच्या खानापूर तालुक्याबाहेर फारसा कुणाला ठाऊक नसतो. सोनाराकडचं जुनं सोनं, दागिन्यांचा चुरा भट्टीत वितळवायचा, ॲसिडमध्ये घालून त्यातला मळ काढायचा आणि शुद्ध सोनं परत द्यायचं. आमची माणसं हेच करत देशभर पांगलेली आहेत. थोरल्या दिरांचं दुकान सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. खाली भट्टी, वर लाकडी माळा. माळ्यावर मी, माझा नवरा आणि सहा वर्षांची श्रावणी. लग्नानंतर सात वर्षं मी गावी सासूजवळ काढली होती, त्यामुळे कुंभकोणमला आले तेव्हा तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. श्रावणीला शाळेत घालायला गेले, तर ऑफिसातल्या क्लार्कनं बोटानंच त्या लांबट खोलीकडे पिटाळलं.

फॉर्म तमिळमध्ये होता. मी तो टीचरांपुढे सरकवला. त्यांनी तो परत माझ्यापुढे सरकवला आणि वर पेन ठेवलं.

“मला येत न्हाई, टीचर.”

“मज ठाव आहे. मणूनच तुजपाशीं दिला.”

टीचर पाटीवर एकेक अक्षर काढायच्या, मी ते बघून फॉर्मवर उतरवायची. पुरते दोन तास गेले. मला असा संताप आला होता! बारावी शिकलेली बाई मी, आणि ही म्हातारी मला बालवाडीत बसवते. शेवटी खाली माझं नाव तमिळमध्ये उमटलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं, “सुनंदा. सरि,” म्हणजे ठीक, म्हणाल्या आणि पुढच्या बाईकडे वळल्या. तिथं कुणाचाच फॉर्म कधी भरून मिळत नसे. “मी बाजूस बसते. हात तुजा हवा,” हे मी नंतर शेकडो वेळा ऐकलं.

त्यांची मराठी ऐकून आम्हा बायकांना पहिले काही दिवस हसू आवरत नसे. त्यांचं घराणं मराठ्यांच्या राज्याबरोबर तंजावरकडे आलेलं. घरात तीच जुनी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. शेजारच्या दुकानातली शारदा म्हणायची, “ह्या बाई नाटकातलं बोलत्यात गं.” टीचरांना ते कळायचं. त्या म्हणायच्या, “तुमची मराठी भांडायास बरी. आमची तितकी तिखट नाहीं.” एकदा मीच फुशारकीनं म्हटलं, “टीचर, तुम्ही आमच्यातल्याच. ह्या बिहारी-ओडिया बायांपेक्षा आमचा तुमच्यावर जास्त हक्क.” त्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला आणि सगळ्याच बायकांना लाडानं लावायच्या ते तमिळ ‘मा’ मलाही लावून म्हणाल्या, “आमी बी आलेलेच, मा. जरा आधीं आलों, येवढंच. आलेल्यांत पहिला-दुसरा नंबर कसला?” मग त्यांनी मला त्या ओडिया बाईजवळ बसवून तिचा फॉर्म भरून घ्यायला लावला. तिला तमिळ येत नव्हती, मला ओडिया येत नव्हती. दोघी मोडक्या हिंदीत बोलत बसलो.

कीव मात्र त्यांना खपत नसे. एकदा गावातल्या एक बाई वापरलेल्या साड्यांचं गाठोडं घेऊन आल्या आणि प्रत्येकीकडे बघून “पावम्, पावम्” करायला लागल्या. पावम् म्हणजे बिचारी. टीचरांनी त्यांना आदरानं बसवलं, पुढ्यात छोट्या कांद्यांची टोपली ठेवली आणि म्हणाल्या, “जेवणाच्या पोरांसाठीं सोलायचे आहेत. आमासंगे बसा.” त्या बाई रेशमी साडीत दीड तास कांदे सोलत बसल्या. पुढे त्या दर मंगळवारी यायला लागल्या, आणि पावम् म्हणायचं विसरल्या.

दोन वर्षांत मी टीचरांचा उजवा हात झाले. तमिळ बोलायला लागले, लिहायलाही बऱ्यापैकी. नव्या आलेल्या बाईला दारातून आत आणायचं काम माझं. सकाळचा स्वयंपाक उरकून मी शाळेत जायची ती दुपारी मुलांबरोबरच परत यायची. नवरा थट्टेनं म्हणायचा, “श्रावणी दुसरीत, तिची आई पहिलीत.” मला मनातून फार अभिमान वाटायचा. गावाकडे फोनवर बोलताना मी ‘आमचं ऑफिस’ म्हणायची.

आमच्या घरी मात्र मी टीचरांना येऊ देत नव्हते. आज नको, उद्या नको, पाहुणे आलेत, दिरांना बरं नाही. एका संध्याकाळी पाच वाजता त्या न सांगता आल्या. दीर आणि नवरा भट्टीवर होते. टीचर अरुंद जिन्यानं माळ्यावर चढल्या आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मी कोपऱ्यातली चटई दाखवली. त्या चटईवर बसल्या, आणि पाचव्या मिनिटाला खोकायला लागल्या. ॲसिडमध्ये धातू पडला की तांबूस धूर निघतो, तो फळ्यांच्या फटींतून वर येतो. आम्हाला त्याची सवय झालेली.

“खिडकी उघड, मा.”

“उघडत न्हाईत, टीचर.”

“पंखा?”

“तो बी लावत न्हाईत. कण उडतो.”

हे बाहेरच्या माणसाला पटायचं नाही, पण गलाईच्या दुकानात असंच असतं. सोन्याचा बारीक कण वाऱ्यानं उडून जाऊ नये म्हणून खिडक्या बंद, पंखा बंद. केर बाहेर टाकायचा नाही, हात धुतलेलं पाणी ओतायचं नाही. सगळं साठवून त्यातला कण काढायचा. धुराड्यातून जाईल तेवढा धूर जातो, बाकीचा घरातच राहतो. कामाच्या माणसानं बाहेर पडताना दारातल्या परातीत उभं राहून कपडे झटकायचे, पाय पुसायचे, हाही नियम. त्या दिवशी टीचर खाली उतरल्या तेव्हा दिरांनी न बोलता परातीकडे बोट केलं. साठी उलटलेली, पाहुणी आलेली बाई! मी जमिनीकडे बघत राहिले. टीचर परातीत उभ्या राहिल्या, साडीच्या निऱ्या झटकल्या, एकेक पाऊल पुसलं. “माज्या पायास सोनं लागलं असेल तर तें घ्या,” दिरांना म्हणाल्या, “पोरीच्या छातींत गेलेलं कसं काढतां?” दिरांना ते कळलं, की कळूनही त्यांनी ऐकलं नाही, देव जाणे.

श्रावणीला धाप लागायची. हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. रोज संध्याकाळी ॲसिडचं काम निघायचं आणि नेमकी तेव्हाच पोरं शाळेतून येऊन माळ्यावर बसलेली असायची. आमच्या गल्लीत अशी सात-आठ दुकानं आणि प्रत्येक माळ्यावर एखाद-दुसरं मूल. शारदाची मुलगी तर चौथीत असून पहिलीतल्या पोरीएवढी दिसायची. टीचरांनी महिनाभर एकेका आईला बाजूला घेऊन विचारलं. मग एक दिवस मला म्हणाल्या की शाळा संध्याकाळी तीन तास खोली उघडी ठेवेल तर ही पोरं तेवढा वेळ धुराबाहेर राहतील. तसा अर्ज द्यायचा आहे. अर्जात कारण लिहावं लागेल. “लिहूं कां, सुनंदा? तूं हो म्हटलींस तरच.”

“लिहा, टीचर. खरंच हाय ते,” मी म्हणाले. पंख्याचं, खिडक्यांचं, कुठल्या घरात किती पोरं, सगळं मीच सांगितलं. त्यांनी कुणाचंही नाव न घालता ‘पालकांनी सांगितले’ एवढंच लिहिलं.

अर्जाची बातमी गल्लीत पोचायला दोन दिवस लागले. थोरले दीर माळ्यावर कधी चढत नसत, त्या दिवशी चढले. “शाळेनं हे कागद पुढं धाडलं, तर नगरपालिकेची माणसं दारात येत्याली. दुकानाला कुलूप लागलं तर सगळ्यांनी जायचं कुठं? तुला कुणी इचारलं तर आपल्याकडं धूर न्हाई, एवढंच म्हणायचं.” नवरा खाली मान घालून उभा होता. मी हो म्हणाले. दिरांनी माझा हात पिरगळला नव्हता, की धमकी दिली नव्हती. त्यांच्या आवाजात भीती होती, आणि ती मला लगेच लागली.

शाळेच्या चालकांना इथं करस्पॉन्डंट म्हणतात. त्यांनी बैठक बोलावली. मोठं टेबल, एका बाजूला ते आणि मुख्याध्यापिका, दुसऱ्या बाजूला टीचर आणि मी. करस्पॉन्डंटनी अर्ज दोनदा वाचला. “कुठल्या पालकांनी सांगितलं?” त्यांनी तमिळमध्ये विचारलं. टीचर म्हणाल्या, “नावं मी देणार नाही. त्यांना त्रास होईल.” त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे करस्पॉन्डंटनीच बघितलं. “या अम्मा त्याच गल्लीतल्या ना? सांगा अम्मा, तुमच्या घरात धूर असतो?”

मी म्हणाले, “नाही सर. धूर सगळा वरच्या वर धुराड्यातून जातो. मुलं चांगली आहेत. टीचरांचा काहीतरी गैरसमज झालाय.”

एक शब्द न अडखळता म्हणाले. जी तमिळ टीचरांनी पाटीवर अक्षरं काढून मला शिकवली, त्याच तमिळमध्ये. करस्पॉन्डंट टीचरांकडे वळले. हे सगळं या बाईनंच मला सांगितलं, एवढं टीचरांनी म्हटलं असतं तरी पुरे होतं. त्यांनी टेबलावरचा अर्ज उचलला, नीट घडी घातली आणि म्हणाल्या, “चूक माझी आहे. मी नीट विचारून घ्यायला हवं होतं.” तसं केलं नसतं तर त्या दिवशी माझी घरात काय गत झाली असती, ते त्यांना माहीत होतं आणि मलाही. मी सुटकेचा श्वास सोडला. या सगळ्यात मला सर्वांत जास्त लाज त्या श्वासाची वाटते.

संध्याकाळची खोली मिळाली नाही. इतकंच नाही, तर चौकशी न करता शाळेला अडचणीत आणणारे अर्ज होतात म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तिण्णैच बंद झाली आणि तिथं तांदळाची पोती आली. बिहारी बाया दोन-तीनदा येऊन दारावरचं कुलूप बघून गेल्या. टीचर जवळच्याच पापनाशमला धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. त्या निघायच्या दिवशी बाकीच्या बायकांनी त्यांना बसस्टँडवर पोचवलं. मी ताप आलाय म्हणून सांगितलं. ताप नव्हता. शारदा परत येऊन म्हणाली, “टीचर तुझं इचारत हुत्या. ताप किती हाय म्हनाल्या.”

सहा महिन्यांनी श्रावणीला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरनी स्वच्छ शब्दांत सांगितलं की ह्या पोरीला त्या घरात ठेवू नका. आम्ही तिला गावी सासूकडे धाडलं. आता ती तिथल्या शाळेत जाते, टेकडीवर पळत चढते. सासू फोनवर कौतुकानं सांगते, “अगं, पोरीला हितं धाप म्हणून लागत न्हाई बघ.” मी बरं म्हणते. माझी पोर मी वाचवली, आणि गल्लीतली बाकीची पोरं आहेत तिथंच आहेत.

मागच्या मार्गळीत, म्हणजे डिसेंबरच्या अखेरीस, मी बसनं पापनाशमला गेले. वाटेत किती तरी वेळा उतरून परत फिरावंसं वाटलं. टीचर बहिणीच्या ओसरीवर खुर्चीत होत्या, पडल्यामुळे पाय बांधलेला. मला बघून त्यांनी बहिणीला हाक मारून कॉफी सांगितली. मी त्यांच्या पायाशी बसले आणि रडायला लागले. रडत रडतच माफी मागितली. मला वाटलं होतं, त्या डोक्यावरून हात फिरवतील. जाऊं दे, मा, म्हणतील. मी त्याच आशेनं गेले होते, खोटं कशाला सांगू.

त्यांनी माझं रडणं थांबेपर्यंत वाट बघितली. “त्या दिशीं तूं लटकें बोललींस. मज कोप आला,” त्या म्हणाल्या. “अजून आहे.”

कॉफी आली. त्यांनी माझा पेला माझ्या हातात दिला.

“श्रावणी कशी आहे?”

“बरी हाय, टीचर. गावी धाडली. तिथं धाप लागत न्हाई.”

“आणि शारदाची पोर?”

“हितंच हाय.”

“कोठ निजते?”

“माळ्यावर.”

टीचरांनी स्वतःचा पेला खाली ठेवला. आवाज चढवला नाही. “मग तूं मजपाशीं कां आलींस? जेथ बोललींस तेथ जा. त्यांस सांग.” मग “कापी निवते आहे, पी,” म्हणाल्या. मी निघाले तेव्हा बहिणीच्या खांद्याला धरून फाटकापर्यंत आल्या, आणि बस कुठून सुटते ते दोनदा समजावून सांगितलं.

आडी महिन्यात, जुलैच्या अखेरीस, टीचर वारल्या. पापनाशमला आम्ही सगळ्या गेलो, बिहारी बाया, ओडिया बाया, कांदे सोलणाऱ्या त्या बाईही. सगळ्यांनी मला पुढे केलं. ही टीचरांचा उजवा हात होती, म्हणाल्या. मी पुढे झाले.

आता माफी मागायला कुणी उरलेलं नाही. पण सांगायला सगळे आहेत. करस्पॉन्डंट आहेत, मुख्याध्यापिका आहेत, थोरले दीर आहेत. मला तमिळ लिहिता येतं, अर्ज कसा करायचा ते येतं. शाळा माझ्या घरापासून चालत सात मिनिटांवर आहे. संध्याकाळी ॲसिडचं काम निघालं की पलीकडच्या माळ्यावरून शारदाच्या पोरीचा खोकला मला ऐकू येतो.

मी अजून गेलेले नाही.